परक्याची नोट, परक्याचे मूल

२०२६ च्या जानेवारीत ‘एक्स’ या समाजमाध्यमाने एक घोषणा केली. त्याआधीचे काही आठवडे लोक तिथल्या ‘ग्रोक’ या एआय साधनाकडून कुणाच्याही फोटोवरून त्या व्यक्तीला जवळपास विवस्त्र दाखवणारी चित्रे करून घेत होते. त्यात बायका होत्या, अल्पवयीन मुलीही होत्या. इंडोनेशिया आणि मलेशियाने ग्रोक तात्पुरते बंद केले, ब्रिटनच्या ‘ऑफकॉम’ या माध्यम-नियामक संस्थेने चौकशी लावली, आणि मग कंपनीने काही बंधने जाहीर केली. त्यात एक बंधन असे होते, की खऱ्या माणसांची तोकड्या कपड्यांतली चित्रे बनवण्याची सोय बंद होईल, पण जिथे तसे करणे बेकायदा आहे तिथे. ही शेवटची पुस्ती वाचून मी थांबलो. जिचा फोटो आहे ती मुलगी एका देशात, तो बिघडवणारा दुसऱ्या देशात, चित्र बनवणारे यंत्र तिसऱ्या देशात आणि बघणारे सगळीकडे. मग ‘तिथे’ म्हणजे नेमके कुठे?

या प्रश्नाला हात घालण्याऐवजी चर्चा तीन जुन्या रस्त्यांना लागली. एक गट म्हणाला, चित्र बनावट आहे, त्यात मूलच नाही, तर गुन्हा कुणाविरुद्ध झाला? दुसरा म्हणाला, मुलांना वाचवायचे तर प्रत्येकाचे खासगी संदेश तपासलेच पाहिजेत. तिसऱ्याने अणुऊर्जेसाठी आहे तशी एआयसाठी जागतिक संस्था मागितली. पहिल्या गटाला आग दिसतच नाही. दुसऱ्याचे म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. तिसरा घर जळत असताना अग्निशमन महाविद्यालयाचा अभ्यासक्रम ठरवायला बसला आहे. तिन्ही गटांत हुशार माणसे आहेत. म्हणूनच या वादाचा दर्जा पाहून वाईट वाटते.

माझी भूमिका आधीच सांगून टाकतो. मुलांच्या संरक्षणासाठी सगळ्या जगाचे एआयबद्दल एकमत होण्याची गरज नाही. एका अरुंद मुद्द्यावर कडक करार झाला तरी पुष्कळ आहे. मुलाचे लैंगिक शोषण दाखवणारे, खऱ्या फोटोसारखे दिसणारे चित्र कॅमेऱ्याने काढलेले असो की यंत्राने घडवलेले, ते सगळीकडे सारखाच गुन्हा ठरावे. त्याच कामासाठी घडवलेले साधन हाही गुन्हा असावा. आणि दुसऱ्या देशाच्या पोलिसांचा फोन उचलणारे एक कार्यालय प्रत्येक देशात असावे. हे स्वप्नरंजन आहे असे वाटत असेल, तर जगाने हे एकदा करून दाखवले आहे. फक्त ते मुलांसाठी नव्हते, पैशांसाठी होते.

१९२५ च्या डिसेंबरात हेगमध्ये एक हंगेरियन अधिकारी हजार फ्रँकची नोट मोडायला गेला आणि पकडला गेला. नोट खोटी होती. धागा ओढत गेल्यावर कळले, की या फ्रेंच नोटा हंगेरीत, नकाशे छापणाऱ्या सरकारी संस्थेत छापलेल्या होत्या. कटात एक राजपुत्र होता आणि चक्क देशाचा पोलीस प्रमुख होता. पहिल्या महायुद्धानंतरच्या तहात हंगेरीचा दोन-तृतीयांश मुलूख गेला होता, फ्रान्सवर राग होता, त्यामुळे या मंडळींना घरच्या लोकांची सहानुभूतीही होती. शत्रूची नोट छापली तर बिघडले कुठे? शिक्षाही सौम्यच झाल्या. फ्रान्सने हे प्रकरण राष्ट्रसंघापुढे नेले आणि २० एप्रिल १९२९ रोजी जिनिव्हात खोट्या चलनाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार झाला.

या कराराची खुबी त्याच्या आटोपशीरपणात आहे. शिक्षेच्या बाबतीत आपले चलन आणि परक्याचे चलन असा भेद करायचा नाही, असे त्याने सांगितले. खोटी नोट तर गुन्हा आहेच, पण ती बनवण्यासाठीच घडवलेली हत्यारे करणे किंवा मिळवणे हाही गुन्हा, असे सांगितले. आणि प्रत्येक देशाने या कामासाठी एक मध्यवर्ती कार्यालय ठेवावे, त्याने इतर देशांच्या कार्यालयांशी थेट संपर्क ठेवावा, असेही सांगितले. चलनाचे धोरण काय असावे, सोने किती ठेवावे, बँका कशा चालवाव्यात, यावर तेव्हाच्या देशांत टोकाचे मतभेद होते. करार त्या वाटेला गेलाच नाही. उलट उदाहरण हवे असेल तर त्याच जिनिव्हात सहा वर्षे आधी, १९२३ मध्ये, अश्लील प्रकाशनांविरुद्ध एक करार झाला होता. त्यात ‘अश्लील’ म्हणजे काय हे ठरवायचे टाळले गेले. ज्याचे त्याने ठरवावे. तो करार आज कायद्याच्या इतिहासाचे अभ्यासक सोडले तर कुणाला आठवतो? आपण १९२९ च्या वाटेने जायला हवे, आणि चाललो आहोत १९२३ च्या.

हे मी उगाच म्हणत नाही, आजचे कागद तसे सांगतात. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेला जोडलेल्या २००० सालच्या वैकल्पिक करारात ‘कोणत्याही साधनाने केलेले’ चित्रण असे व्यापक शब्द आहेत. एआय स्वप्नातही नसताना लिहिलेले हे शब्द आजही तोकडे पडत नाहीत. पण पुढचे करार बघा. सायबर गुन्ह्यांवरच्या २००१ च्या बुडापेस्ट करारात खऱ्यासारख्या दिसणाऱ्या चित्रांचा समावेश आहे, पण तेवढा भाग आम्हाला लागू नाही असे म्हणण्याची मुभाही सदस्य देशाला आहे. २००७ च्या लांझारोटे करारात अस्तित्वात नसलेल्या मुलाच्या चित्रांबाबत तशीच मुभा आहे. आणि २४ डिसेंबर २०२४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मंजूर केलेल्या, पुढच्या ऑक्टोबरात हनोईत सह्यांसाठी खुल्या झालेल्या सायबर गुन्हेविरोधी करारात कलम १४ चा तिसरा परिच्छेद सांगतो, की एखाद्या देशाला हवे तर हा गुन्हा प्रत्यक्ष अस्तित्वात असलेल्या व्यक्तीच्या चित्रणापुरता मर्यादित ठेवता येईल. तीन करार, आणि तिन्हींना भोक एकाच जागी. पहिल्या दोन वेळा ते तसे महाग पडले नाही, कारण अशी चित्रे बनवणे अवघड होते. तिसऱ्या वेळी, सगळे डोळ्यांसमोर घडत असताना, ते पुन्हा ठेवले गेले.

अशा भोकाने काय होते? आरोपी सोपवण्यासाठी, आणि पुष्कळदा पुरावे पाठवण्यासाठीही, ते कृत्य दोन्ही देशांत गुन्हा असावे लागते. एका देशात तो गुन्हा आणि दुसऱ्यात नाही, म्हणजे पहिल्याच्या पोलिसांचे पत्र दुसऱ्याच्या टेबलावर पडून राहणार. ‘ऑपरेशन कंबरलँड’मध्ये याची चुणूक दिसली. डेन्मार्कच्या पोलिसांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये एकाला पकडले. तो पूर्णपणे एआयने बनवलेले असे साहित्य नाममात्र पैसे घेऊन जगभरच्या ग्राहकांना दाखवत होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये १९ देशांच्या पोलिसांनी मिळून कारवाई केली. २७३ संशयितांची ओळख पटली, २५ जणांना अटक झाली. सहकार्याचे हे चांगले उदाहरण म्हणून सांगितले जाते, आणि ते आहेच. पण युरोपोल या युरोपीय देशांच्या सामायिक पोलीस यंत्रणेने तेव्हाच कबूल केले, की अशा चित्रांबाबत देशोदेशी कायदेच नसल्याने तपास विलक्षण अवघड गेला. आणि हे युरोपोलच्या छत्राखालचे, एकमेकांच्या कायद्यांची बरीच सवय असलेले देश. इतरांचे काय होत असेल?

आता विरोधकांचा सगळ्यात वजनदार मुद्दा. चित्रात खरे मूल नसेल तर इजा कुणाला झाली? हा प्रश्न टवाळीचा नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये नेमक्या याच कारणाने १९९६ च्या कायद्यातला आभासी चित्रांवरचा भाग रद्द केला. न्यायालयाचा तर्क असा होता, की खऱ्या शोषणाची नोंद असलेल्या चित्रावर बंदी घालणे आणि कल्पनेतल्या चित्रावर बंदी घालणे यांत फरक आहे. आणि बनावट चित्रे खऱ्याइतकीच चालणार असतील, तर खऱ्या मुलांना छळून तुरुंगाचा धोका कोण पत्करेल? मलाही हा तर्क कित्येक वर्षे पटत होता. सरकारने कल्पनेला हात लावू नये असे मला आजही वाटते. त्यामुळे कादंबरी, रेखाचित्र, व्यंगचित्र या अरुंद कराराच्या बाहेरच राहावीत, असे माझे म्हणणे आहे. पण २००२ मध्ये ‘आभासी’ म्हणजे कुणीतरी संगणकावर शून्यातून रेखाटलेले चित्र होते. आजचे यंत्र शून्यातून काही काढत नाही. त्याला कच्चा माल लागतो.

तो कच्चा माल कुठला? डिसेंबर २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या इंटरनेट ऑब्झर्व्हेटरीने ‘लायन-५बी’ हा पाच अब्जांहून अधिक चित्रांच्या दुव्यांचा संच तपासला. त्यात ३,२२६ नोंदी संशयास्पद निघाल्या, आणि त्यांतल्या हजाराहून अधिक नोंदी खऱ्या मुलांच्या शोषणाच्या असल्याची बाहेरच्या तज्ज्ञांकडून खात्री झाली. या पडताळणीत कॅनडातल्या बालसंरक्षण केंद्राचा हात होता. हा संच जर्मनीतल्या एका ना-नफा संस्थेचा. त्यातले दुवे अमेरिकेतल्या ‘कॉमन क्रॉल’ने गोळा केलेले. त्यावर शिकलेले ‘स्टेबल डिफ्युजन’ हे चित्रे बनवणारे एआय मॉडेल म्युनिकच्या विद्यापीठातले संशोधक, न्यू यॉर्कची एक कंपनी आणि लंडनची एक कंपनी यांच्या हातून घडलेले. आणि चित्रांतली मुले कुठली, ते त्या चित्रांनाच ठाऊक. ऑगस्ट २०२४ मध्ये त्या संस्थेने २,२३६ दुवे काढून टाकून नवा संच दिला, हे तिच्या बाजूने नोंदवायला हवे. पण जुन्या संचावर शिकलेली मॉडेले तोपर्यंत लाखो संगणकांवर गेली होती. आता सांगा, यातल्या कोणत्या एका देशाने कायदा केला असता म्हणजे भागले असते?

शिवाय पुढची पायरी अजून वाईट आहे. इंटरनेटवरची बालशोषणाची चित्रे शोधून हटवणाऱ्या ब्रिटनच्या इंटरनेट वॉच फाउंडेशनला २०२३ मध्ये डार्क वेबवरच्या (इंटरनेटच्या छुप्या भागातल्या) एकाच ठिकाणी एका महिन्यात २०,२५४ एआय-चित्रे आढळली. तपासनिसांनी सांगितलेली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट या आकड्यात नाही. ती अशी, की पूर्वी शोषण झालेल्या, ओळख पटलेल्या, काही तर आता मोठ्या झालेल्या मुलांच्या जुन्या चित्रांवर मॉडेल शिकवून त्यांचीच नवी चित्रे बनवली जात आहेत. सुटका झालेल्या मुलाला सुटकाच नाही. याला बळी नसलेला गुन्हा म्हणायचे? आणि २००२ चा तो प्रश्न, बनावट मिळत असेल तर खऱ्याकडे कोण जाईल, त्याचेही उत्तर यातच आहे: बनावट खऱ्यावरच पोसले जाते. तरी अमेरिकेतला गुंता संपलेला नाही. एआयने अशी चित्रे बनवल्याच्या एका खटल्यात २०२५ मध्ये फेडरल न्यायाधीशाने घरात खासगीत बाळगण्याचा आरोप तेवढा घटनेच्या आधारे रद्द केला, बाकीचे ठेवले. सरकार अपिलात गेले. तिकडे ब्रिटनने १९९४ मध्येच ‘फोटोसदृश’ चित्र कायद्यात घातले होते. भारताने २०१९ च्या दुरुस्तीने पॉक्सो कायद्याच्या व्याख्येत संगणकाने बनवलेली, खऱ्या मुलापासून वेगळी न ओळखता येणारी चित्रे घेतली. जपानमध्ये तर खरी चित्रे नुसती बाळगणे हादेखील २०१४ पर्यंत गुन्हा नव्हता. एका चित्राच्या प्रवासात हे चारही देश लागू शकतात.

एक इजा अशी आहे, की तिच्याकडे तात्त्विक वाद घालणाऱ्यांचे लक्षच जात नाही. सप्टेंबर १९९८ मध्ये ‘वंडरलँड क्लब’ नावाच्या टोळीवर अनेक देशांत एकाच वेळी छापे पडले. साडेसात लाखांच्या आसपास चित्रे मिळाली, त्यांत हजाराहून अधिक निरनिराळी मुले दिसत होती, आणि ओळख पटली ती जेमतेम दीड डझनाची. चित्रे होती, मुले कुठे होती ते कळत नव्हते. त्या अपयशातून पोलीस खात्यांचा दृष्टिकोन बदलला: गुन्हेगार पकडणे हे अर्धे काम, चित्रातले मूल शोधणे हे दुसरे अर्धे. आज इंटरपोलच्या सामायिक संचात ७० हून अधिक देशांतले तज्ज्ञ भिंतीवरचा विजेचा सॉकेट, चादरीची नक्षी, खिडकीबाहेरचे झाड असल्या खुणा जुळवत बसतात. असल्या खुणांवरूनच मुले सापडली आहेत. आता या ढिगाऱ्यात हुबेहूब बनावट चित्रांची भर घाला. तो सॉकेट जगातल्या कुठल्याच भिंतीवर नसेल. तपासनीस चार दिवस एका न जन्मलेल्या मुलाला शोधेल आणि त्याच चार दिवसांत जन्मलेले एक मूल तसेच राहील. ज्ञात चित्रे ओळखायला डिजिटल ठशांची पद्धत आहे. मायक्रोसॉफ्टचे ‘फोटोडीएनए’ २००९ पासून तेच करते. पण ते आधी पाहिलेले चित्रच ओळखते, आणि यंत्र तर दर सेकंदाला न पाहिलेले चित्र काढते.

दुसरा मोठा आक्षेप सरकारांबद्दलचा आहे, आणि तो मला पहिल्यापेक्षा खरा वाटतो. मुलांचे नाव घेतले की कुठलाही कायदा पास होतो, आणि मग कुंपणच शेत खाते. हनोईच्या करारावर मानवी हक्क संघटनांनी टीका केली ती याचसाठी: पाळतीचे आणि माहिती मागण्याचे अधिकार फार ऐसपैस, संरक्षणाच्या अटी फार ढिल्या. युरोपीय आयोगाने मे २०२२ मध्ये खासगी संदेश तपासण्याचा प्रस्ताव आणला, त्यावर वर्षानुवर्षे रणकंदन झाले. ॲपलने ऑगस्ट २०२१ मध्ये फोनमधले फोटो तपासण्याची योजना जाहीर केली आणि पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात गुंडाळली. अमेरिकेतल्या एका बापाने डॉक्टरला दाखवण्यासाठी आपल्या लहानग्या मुलाचा फोटो काढला. यंत्राने त्याला गुन्हेगार ठरवले, पोलिसांनी निर्दोष म्हटले, तरी गूगलने त्याचे खाते परत दिले नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. ज्यांना हे भय वाटते त्यांना बालशोषणाचे समर्थक म्हणणे हा निव्वळ अडाणीपणा आहे, आणि तो अडाणीपणा मोठ्या पदांवरच्या माणसांनी केलेला मी वाचला आहे.

पण हा आक्षेप मान्य केल्यावरही माझ्या अरुंद कराराला धक्का लागत नाही, कारण त्याला कुणाच्या खासगी संदेशात डोकावायचेच नाही. एआयने होणाऱ्या शोषणाचा कारखाना बंद पेटीत नाही, भर चौकात आहे. प्रशिक्षणाचे संच जाहीर असतात. मॉडेल ठेवणारी संकेतस्थळे मोजकी आणि माहितीतली आहेत. फोटोतले कपडे उतरवणारी ॲप जाहिराती करतात, कार्डाने पैसे घेतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या शहर वकिलाने ऑगस्ट २०२४ मध्ये अशा १६ संकेतस्थळांवर दावा लावला, तेव्हा त्यांना त्या वर्षीच्या पहिल्या सहा महिन्यांतच २० कोटी भेटी मिळाल्याचे सांगितले होते. वीस कोटी भेटी होणारे दुकान शोधायला कुणाचे पत्र फोडावे लागते? त्याचा मालक कुठल्या देशात बसला आहे आणि तो देश ऐकतो का, एवढेच अडते. म्हणजे पाळतीचा प्रश्न नाहीच, हद्दीचा आहे. गोपनीयतेच्या बाजूने भांडणाऱ्यांनी उलट हा मुद्दा स्वतः उचलायला हवा होता: कूटबद्ध संदेश न फोडता करण्यासारखे एवढे काम समोर पडले असताना तुम्ही आमच्याच दारात का येता, असे सरकारला विचारता आले असते.

इथे आकड्यांबद्दल एक कुरकुर. अमेरिकेतल्या ‘एनसीएमईसी’ या हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठीच्या केंद्राकडे एआयशी संबंधित नोंदी २०२३ मध्ये ४,७०० होत्या, २०२४ मध्ये ६७,००० झाल्या आणि २०२५ च्या पहिल्या सहा महिन्यांत ४ लाख ८५ हजार. हे आकडे भाषणांत फेकले जातात. पण त्या शेवटच्या आकड्यातला मोठा हिस्सा कंपन्यांना आपल्याच प्रशिक्षणसंचांत सापडलेल्या जुन्या चित्रांचा आहे. तेवढी नवी चित्रे एआयने बनवली असा त्याचा अर्थ नाही. साप म्हणून भुई धोपटायची नसेल तर देशांनी निदान मोजायचे काय, हे तरी एकत्र बसून ठरवावे.

तिसरा आक्षेप तंत्रज्ञांचा: मॉडेल मोकळी सुटली आहेत, घरच्या संगणकावर चालतात, आता करार करून काय उपयोग? बैल गेला आणि झोपा केला. यात तथ्य आहे. सुटलेले मॉडेल परत बोलावता येत नाही. पण छापखानेसुद्धा सुटलेलेच होते की. १९२९ मध्ये कुणी छापखाने परत बोलावले नाहीत, खोट्या नोटेसाठीच घडवलेल्या साच्यांना गुन्हा ठरवले. ब्रिटनने फेब्रुवारी २०२५ मध्ये मांडलेल्या विधेयकात याच पावलावर पाऊल टाकले: अशी चित्रे बनवण्यासाठी घडवलेले एआय साधन बाळगणे, बनवणे, वाटणे हा पाच वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा. आणि नोटांच्या गोष्टीचे एक पुढचे प्रकरणही आहे. रंगीत झेरॉक्स यंत्रे आली तेव्हा मध्यवर्ती बँकांनी हात टेकले नाहीत. नोटेवर ठिपक्यांची विशिष्ट मांडणी आली आणि कित्येक यंत्रे ती दिसताच नोटेची प्रत काढेनाशी झाली. २००४ मध्ये ॲडोबीने मान्य केले, की फोटोशॉपमध्ये नोटा ओळखून अडवणारी यंत्रणा बसवली आहे, आणि ती मध्यवर्ती बँकांच्या गटाने पुरवली आहे. म्हणजे चित्रांच्या सॉफ्टवेअरला ‘हे करणार नाही’ म्हणायला शिकवता येते, अनेक देश मिळून शिकवता येते. मुलाचा चेहरा काही नोटेसारखा ठरावीक छापाचा नाही, त्यामुळे हे काम खूप अवघड आहे. उपमा इथे लंगडी पडते. पण अवघड म्हणजे अशक्य नव्हे, आणि नोटेसाठी जेवढी खटपट झाली तेवढी तर इथे झालेलीच नाही.

त्या खटपटीत कायदाच कसा आडवा येतो तेही गमतीचे आहे. एखादे मॉडेल अशी चित्रे काढते का, हे तपासायचे तर ती काढवून पाहावी लागतात, आणि पुष्कळ देशांत ती काढवणे हाच गुन्हा. म्हणजे प्रामाणिक कंपनी तपासू शकत नाही आणि अप्रामाणिक कंपनीला तपासायचे नसते. ब्रिटनने नोव्हेंबर २०२५ मध्ये नेमलेल्या तपासनिसांना यातून सूट देणारी दुरुस्ती जाहीर केली. पण एका देशातला अधिकृत परीक्षक दुसऱ्या देशातल्या सर्व्हरवर परीक्षा घेताना तिथे आरोपीच ठरेल. ही सूट एकमेकांनी मान्य करणे हे सहकार्याचे सगळ्यात स्वस्त पाऊल आहे, आणि त्यावर कुणाचाही वैचारिक आक्षेप असायचे कारण नाही.

मी जिथे स्वतः अडखळतो ती जागा वेगळी आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये स्पेनमधल्या अल्मेंद्रालेखो या गावात मुलींची विवस्त्र चित्रे फोनांतून फिरू लागली. खऱ्या फोटोंवरून ॲपने बनवलेली. बनवणारे आणि फिरवणारे कोण? त्यांच्याच ओळखीची, त्यांच्याच वयाची मुले. न्यायालयाने पुढच्या वर्षी १५ अल्पवयीनांना एक वर्ष देखरेखीखाली ठेवले आणि समानतेचे व तंत्रज्ञान जबाबदारीने वापरण्याचे वर्ग लावले. मला हा निकाल शहाणपणाचा वाटला. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा आणि कंबरलँडमधला दुकानदार यांना एकाच कलमाखाली, एकाच आंतरराष्ट्रीय यादीत घालणारा करार मुलांचे रक्षण करणारा म्हणता येईल का? दक्षिण कोरियाने २०२४ मध्ये असे डीपफेक नुसते बाळगणे आणि पाहणे यालाही तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली. तिथल्या शाळांमध्ये विद्यार्थिनींची अशी चित्रे ज्या प्रमाणात फिरत होती ते पाहता राग समजतो; पण त्या शाळांत आरोपीही बहुतेक मुलेच होती. म्हणून कराराचे टोक चित्र फिरवणाऱ्या पोरापेक्षा ॲप विकणाऱ्याकडे जास्त वळलेले असावे. अल्मेंद्रालेखोत शिक्षा झाली ती मुलांना. यंत्र ज्यांनी विकले ते त्या न्यायालयाच्या हद्दीत नव्हतेच. हा निकाल कितीही शहाणा असला तरी अर्धा आहे, आणि उरलेला अर्धा स्पेनला एकट्याने लिहिता येत नाही.

राहता राहिला तो श्रीमंत देश आपली नीती गरिबांवर लादतात हा आक्षेप. तो थोडक्यात उरकतो, कारण इथे तो उलटा पडतो. १९८९ ची बालहक्क संहिता जगातल्या जवळपास सगळ्या देशांनी स्वीकारली आहे. मागे राहिलेला एकमेव देश अमेरिका, आणि यातल्या बहुतेक मोठ्या कंपन्या तिथल्याच. तरी त्याच अमेरिकेने २००० चा वैकल्पिक करार मात्र स्वीकारला, तोच ‘कोणत्याही साधनाने’ म्हणणारा. मूल म्हणजे अठरा वर्षांखालचे, आणि त्याचे शोषण हा गुन्हा, एवढ्यापुरते जग आधीच एका बाजूला आहे. इतके एकमत १९२९ मध्ये नोटांबाबतही नव्हते.

म्हणून नवी परिषद, नवी घोषणा, नवे बोधचिन्ह यांच्या मी विरोधात आहे. हनोईचा करार लागू व्हायला ४० देशांची मान्यता लागते. मान्यतेचा ठराव प्रत्येक देशाच्या संसदेत किंवा मंत्रिमंडळात कधी ना कधी येईल, तेव्हा तिथल्या सदस्यांनी पाळतीच्या तरतुदींवर हवे तितके भांडावे, अटी घालाव्यात, मसुदा परत पाठवावा. त्या भांडणात सरकारला आणखी एक प्रश्न विचारायला मिनिटही लागत नाही: कलम १४, परिच्छेद ३, हा गुन्हा खऱ्या व्यक्तीपुरता मर्यादित ठेवण्याची मुभा, ती आपण वापरणार आहोत का, आणि वापरणार असू तर कुणासाठी?